सातवं कडवं

धाकट्याच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवणार नाही, अशी थोरलीनं शपथ घेतली होती. म्हणून ती दारातच स्टूल टाकून बसली. दोन्ही पावलं बाहेर, बाकी सगळी आत. मान आत, डोळे आत, आणि नाक तर केव्हाच शेगडीपर्यंत जाऊन आलेलं.

"ताई, आत ये ना," धाकटा तिसऱ्यांदा म्हणाला. काळ्या चामडी जाकिटावर ॲप्रन, केसांत गाजराची साल. लोक ज्याला 'साखरगळा' म्हणतात, ज्याच्या एका तानेसाठी मैदानं भरतात, तो माणूस हातात सोलाणं घेऊन बहिणीपुढे उभा होता.

थोरली त्याच्याशी बोलत नव्हती. त्यानं वर्तमानपत्राला दिलेल्या मुलाखतीला दोन वर्षं झाली होती, तेवढीच या अबोल्याला. खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसलेल्या आईकडे वळून ती म्हणाली, "आई, सांग त्याला, मी इथे बरी आहे. वारा लागतो."

"तिला वारा लागतो," आईनं सांगितलं.

"तिला सांग, वाऱ्यानं पाठ धरेल."

"पाठ धरेल म्हणतो."

"त्याला सांग, बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधली पातेली उचलून माझ्या पाठीचा दगड झालाय. तिला कोण धरतंय!"

"हे तूच सांग बाई. एवढं लांब माझ्या लक्षात राहत नाही." आईनं डोळे मिटले. तिचा एक कान गेल्याला दहा वर्षं झाली होती. दुसरा गेला की राहिला, ते आई सोयीनं ठरवायची.

ही शेड म्हणजे जुनी लाँड्री. साऱ्या हॉटेलांच्या चादरी इथे यायच्या, आणि बाबा या लांबलचक टेबलांशी उभे राहून त्यांच्यावरून इस्त्री फिरवायचे. लाँड्री बंद पडली, मालक गेले, बाबाही गेले. भिंतींतला साबणाचा वास तेवढा गेला नाही. गाजर धुतलं तरी फेस येईल की काय, असं वाटायचं. आता त्याच टेबलांवर कांद्यांचे ढीग होते, आणि वाफेचा जुना बॉयलर पाणी तापवायच्या कामाला लागला होता.

धाकट्याचं हे पाचवं अन्नघर. इथे नाव विचारायचं नाही, का आलात तेही विचारायचं नाही. वाडगं पुढे आलं की भरायचं. कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येकानं किलोभर धान्य आणायचं, ही अट त्याचीच. गेल्या वर्षी शाळांमधलं दुपारचं जेवण बंद करायचं घाटत होतं, तेव्हा त्यानं नगरपालिकेच्या पायऱ्यांवर हजार माणसांना रिकामी पातेली घेऊन बसवलं आणि तीन दिवस वाजवायला लावली. चौथ्या दिवशी साहेब दोन्ही कानांत बोटं घालून बाहेर आले आणि म्हणाले, "मुलं जेवतील. पण आता मला झोपू द्या."

आज बारा वाजता इथलं पहिलं जेवण वाढायचं होतं. फाटकाबाहेर रांग लागली होती. आतमध्ये धाकट्याचा सगळा वाद्यवृंद कामाला जुंपलेला. ड्रमर कांदे चिरत ढसाढसा रडत होता. गिटारवाला वीस मिनिटं एकच बटाटा सोलत होता, कारण साल एकसंध निघावी हा त्याचा हट्ट. मॅनेजरीण दोन कानांना दोन फोन लावून दोघांशीही एकच वाक्य बोलत होती. आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर धाकट्याचंच गाणं चालू होतं. संपत होतं, पुन्हा सुरू होत होतं.

"हे कोण गातंय?" आई डोळे मिटूनच म्हणाली. "जेवणाच्या आत आवरेल ना त्याचं?"

दहाला मधला आला. दहा म्हणजे दहा. मधला घड्याळं दुरुस्त करतो. त्याला यायला उशीर झाला तर लोक आपली घड्याळं मागे करतात. त्याच्या एका काखेत फाइल होती आणि दुसऱ्या काखेत भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ. भांडायला आला असला, तरी रिकाम्या हातानं येणं त्याच्या रक्तात नव्हतं. मागोमाग त्याची बायको. तिचं स्वतःचं पार्लर. आजचे केस तिनं पहाटेपासून रचले होते.

"वन्सं, तुम्ही दारात का?" तिनं विचारलं.

"शपथ आहे."

"मग मीही दारात थांबते. आपण एका बाजूच्या," ती म्हणाली. तेवढ्यात तिला आतला फोटोग्राफर दिसला, तशी एका बाजूची ती चटकन आत गेली आणि गाजरांच्या ढिगाशेजारी हसून उभी राहिली.

मधल्यानं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि फाइल उघडली. "निवेदन आणलंय. बारा वाजता, लोकांसमोर, तू स्वतः वाचायचंस." घसा खाकरून तो वाचू लागला. "'आम्ही, साखरगळा या नावानं ओळखल्या जाणाऱ्या गायकाचे सख्खे भाऊ आणि बहीण, जाहीर करतो की आमच्या घरात कुणीही, कधीही, एक रात्रसुद्धा उपाशी झोपलेलं नाही.'"

"'सख्खे'खाली दोन रेघा का?" धाकट्यानं विचारलं.

"ते माझं," वहिनी गाजरांतून म्हणाली.

"दादा, दोन वर्षं झाली त्या मुलाखतीला. लोक विसरले असतील."

"लोक? माझ्या दुकानात येऊन बस एक दिवस! गिऱ्हाईक पट्टा बदलायला येतं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतं. 'अरेरे, लहानपणी फार सोसलंत हो!' परवा एका बाईनं पट्ट्याबरोबर केळी दिली मला. डझनभर!"

"खाल्लीस?"

"खाल्ली. टाकून कशी देणार? पण प्रत्येक केळ्यागणिक अपमान वाटत होता."

"बाराही वेळा?" आईनं डोळे न उघडता विचारलं.

"आई, तू मध्ये बोलू नकोस. प्रश्न बाबांचा आहे." मधल्याचा आवाज खाली आला. "अकरा महिने संप चालला. बाबा याच फाटकापुढे उभे राहिले. पन्नास घरं त्यांच्या तोंडाकडे बघत होती, पण बाबांच्या पोरांच्या ताटात रोज अन्न होतं. जाताना काय म्हणाले ते? 'संपात माझ्या घरची चूल विझली नाही.' एवढीच त्यांची इस्टेट, आणि यानं ती छापून उडवली! म्हणे, आम्ही उपाशी होतो, म्हणे आई गाणं म्हणून भूक झोपवायची. कुणाची भूक? मी तर त्या वर्षी जाड झालो होतो!"

धाकट्यानं सोलाणं खाली ठेवलं. मैदान गाजवणारा गडी, पण मोठ्या भावापुढे अजूनही त्याचे हात मागे जायचे.

"खोटंच बोललो मी," तो म्हणाला. "ती मुलाखतवाली विचारत होती, भुकेच्याच मागे का लागलात? मी म्हटलं, लोकांना भूक लागते म्हणून. ती म्हणाली, ते झालंच, पण तुमची स्वतःची गोष्ट काय? आणि माझ्याकडे गोष्टच नव्हती, दादा. पोटभर जेवलेल्या माणसाला कसली गोष्ट? मग तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापलेलं." त्यानं निवेदन हातात घेतलं. "वाचतो. माझंही मन मला खातंय. पाच अन्नघरं झाली, पण प्रत्येक वाडग्यात ते खोटं तरंगताना दिसतं मला."

मॅनेजरिणीनं दोन्ही फोन एकदम खाली घेतले. "वाचा ना, जरूर वाचा! बारा वाजता वाचा, एक वाजता पाचही अन्नघरांना कुलूप लावू. लोक म्हणतील, याची भूक खोटी, तर याचं अन्नही खोटं. उद्यापासून धान्याचं एक पोतं येणार नाही. नगरपालिकेतले साहेब तर पेढे वाटतील."

"बंद पडली तरी चालतील," मधला म्हणाला, पण रांगेकडे बघून त्याला ते पुन्हा म्हणवेना. "म्हणजे, बंद पडू नयेत. पण खरं ते खरं. ताई, तुझी सही राहिली आहे." त्यानं दारात येऊन कागद थोरलीच्या मांडीवर ठेवला आणि पेन तिच्या बोटांत दिलं.

थोरलीनं पेन धरलं आणि कागदाकडे बघत राहिली.

ती तेव्हा अकरा वर्षांची होती. मधला सात, धाकटा चार. आई शेगडीपाशी उभी राहून गाणं म्हणायची, गाता गाता वाढायची, आणि बाबा नि पोरं जेवत असली तरी गातच राहायची. तोंडात गाणं असलं की त्या तोंडात घास नाही, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. थोरलीच्या आलं. एका दुपारी ती मागे रेंगाळली आणि तिनं पातेल्यात डोकावून बघितलं. पातेलं असं कोरडं, जणू चंद्रच घासून पालथा ठेवलाय. आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "बाबांना सांगायचं नाही. त्यांना कळलं तर उद्या कामावर जातील. आणि ते गेले की मागची पन्नास घरं मोडली." थोरलीनं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून तीही आईशेजारी उभी राहून गायला लागली.

बाबा जिंकले. मग म्हातारे झाले, मग गेले, ते त्या एका वाक्याच्या उशीवर डोकं ठेवून. थोरलीनं मूठ उघडली नाही.

म्हणून तिचा राग. धाकटा खोटं बोलला याचा नव्हे; सत्तेचाळीस वर्षं जे खरं तिनं मुठीत दाबून ठेवलं, ते हा खोटं बोलता बोलता सहज बोलून बसला, याचा. आंधळ्यानं दगड भिरकावावा आणि नेमकं फळ पडावं, तसं. वर तो म्हणतो, चुकून लागला, झाडाची माफी मागतो!

आता सही केली, तर हे खोटं तिच्या अक्षरात उतरणार होतं. नाही केली, तर मधला 'का?' विचारणार होता. आणि मधल्याचं 'का' म्हणजे घड्याळाचा लंबक, थांबत नाही.

"पेन चालत नाही," ती म्हणाली.

"टोपण काढ आधी."

तिनं टोपण काढलं. कागदावर टोक टेकवलं. आणि तिचं नाक एकदम वर झालं.

"जळतंय."

"विषय बदलू नकोस, ताई."

"मेल्या, मसूर जळतोय!"

ड्रमरनं झाकण उचललं. काळ्या धुराचा लोट असा वर गेला, की फोटोग्राफरनं घाईघाईनं त्याचाच फोटो काढला. दोन पुरुष उंचीच्या बॉयलरशेजारी, स्नानाला बसता येईल एवढ्या पातेल्यात, चारशे माणसांचं सूप बुडाला धरून कोळसा झालं होतं.

त्यांच्या लहानपणच्या घरात स्वयंपाकघराला घड्याळ कधी नव्हतं. होतं ते आईचं गाणं. अंड्याला गाणं एकदा, बटाट्याला तीनदा, मसुराला चारदा, पातेलं मोठं असेल तर दहादा. दुसऱ्यांच्या घरी भिंतीवर काटे फिरायचे, यांच्या घरी आईच्या गळ्यात. तिघांनाही वाटायचं, सगळं जग असंच शिजवतं. मधल्यानं शाळेत गेल्यावर पहिल्यांदा घड्याळ बघितलं आणि तो त्याच्या प्रेमात पडला तो पडलाच. आणि धाकट्यानं तेच गाणं मैदानात म्हटलं आणि साखरगळा झाला.

थोरलीची नजर फळ्यावर गेली. धाकट्याच्या झोकदार अक्षरात लिहिलं होतं: मसूर — गाणं दहा वेळा.

"कुठलं गाणं लावलंत?" तिनं विचारलं. कुणाला, ते स्पष्ट नव्हतं, म्हणून ड्रमरनं उत्तर दिलं.

"यांचंच. मैदानातलं. चौदा मिनिटांचं."

"चौदा?" आईनं डोळे उघडले. "माझं चार मिनिटांत होतं."

"मध्ये टाळ्या आहेत, आजी. 'पुन्हा एकदा, पुन्हा एकदा' आहे. गिटारचा सोलो आहे."

"पावणेचार मिनिटं," गिटारवाला विनयानं म्हणाला.

"आठव्या वेळेला मला वास आला होता," ड्रमर डोळे पुसत म्हणाला, "पण सोलो चालू होता. मधेच कसा तोडायचा?"

"घड्याळ!" मधला ते भलंमोठं घड्याळ छातीशी धरून ओरडला. "जन्मभर सांगतोय, स्वयंपाकघरात घड्याळ लावा! आणलंय मी! साडेदहा झालेत! दीड तास उरलाय!"

"आई, त्याला सांग, आधी ज्योत बंद कर," थोरली म्हणाली.

"ज्योत बंद कर म्हणते."

"आणि ढवळू नको म्हणावं."

"काय नको?"

धाकट्यानं पळी उचलली, पातेल्यात घातली. थोरलीच्या डोळ्यांदेखत.

"गाढवा, ढवळू नकोस! तळ सुटला तर सगळं कडू होईल! खाली उतरव ते, दुसरं पातेलं घे, बॉयलरचं गरम पाणी ओत!"

धाकट्याच्या हातातली पळी तशीच राहिली. दोन वर्षांनंतरचा पहिला शब्द! त्याचे डोळे कांद्याशिवायच भरून आले. "आई," तो म्हणाला, "ती मला गाढव म्हणाली."

"मग? सुरुवात ओळखीच्या नावानंच होते," आई म्हणाली.

पाणी चढलं, मसूर धुतला, बटाटे पडले. पण दारातून पातेल्याचा तळ दिसत नव्हता. थोरली मान ताणून ताणून थकली. शेवटी तिनं ड्रमर आणि गिटारवाल्याला बोलावलं.

"मला उचला."

"अं?"

"स्टुलासकट. शपथ पावलांची आहे, स्टुलाची नाही."

आणि मग त्या दिवशीचा सगळ्यात देखणा फोटो निघाला: एका बाजूला ड्रमर, एका बाजूला गिटारवाला, मध्ये पाय वर उचलून, हातात ओगराळं धरून पालखीत बसल्यासारखी आलेली थोरली, आणि समोर वाट मोकळी करत वहिनी. "सरका, सरका, आमच्या वन्सं आहेत! सख्ख्या!"

शेगडीपाशी स्टूल टेकलं. थोरलीनं पाय दांडीवर ठेवले, जमिनीला लागू दिले नाहीत.

"ताई, तू गा," धाकटा हळू म्हणाला. "माझी चाल बिघडली आहे. मोठी मैदानं होती, पसरत गेली."

थोरलीनं स्पीकरकडे बघितलं. कुणीतरी तो बंद केला. मग ती गायला लागली, साधं, चालत्या पावलांचं, ओगराळं फिरेल तसं फिरणारं:

"पाण्याला ग आली जाग, जाग आली ग बुडाशी,
दाणा निजला ग बाई, त्याला बोलवा उशाशी..."

दुसऱ्या फेरीला ड्रमरनं झाकणावर बोटांनी ठेका धरला. तिसऱ्या फेरीला गिटारवाल्यानं चक्क दुसरा बटाटा घेतला. पाचव्या फेरीला मधला टेबलाच्या टोकाला बसून ओठ हलवत होता, आणि त्याचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं. सहा कडवी झाली की पुन्हा पहिलं, सहा झाली की पुन्हा पहिलं. मसुराचा कच्चा वास उतरला आणि शिजल्याचा वास चढला. दहाव्या फेरीचं सहावं कडवं आलं:

"उकळीनं धरला ताल, झाकणानं दिली साथ,
आता पुढे करा बाई, आपापले दोन्ही हात."

"झालं!" धाकटा म्हणाला. "सहाही कडवी झाली. उतरवा."

"सात," खिडकीपासून आवाज आला.

सगळे वळले. आई खुर्चीत ताठ बसली होती.

"सहाच आहेत, आई," धाकटा हसला. "मी हजार वेळा गायलंय."

"सातवं वाढताना म्हणायचं असतं. तुला नाही माहीत. तुझं तोंड भरलेलं असायचं."

"मलाही नाही आठवत," मधला म्हणाला.

"तुझंही भरलेलं असायचं."

थोरलीचं ओगराळं थांबलं होतं. मधल्याच्या हातात ते निवेदन होतं, धाकट्याच्या डोळ्यांत ते वाचायची तयारी, आणि बाराला पंचवीस मिनिटं कमी. तिनं आईकडे बघितलं. अकरा वर्षांच्या मुलीनं बघावं, तसं.

"आई, म्हणू?"

आईनं खिडकीबाहेर, त्या फाटकाकडे बघितलं.

"म्हण," ती म्हणाली. "आता बाबा थोडेच कामावर जाणार आहेत!"

थोरलीनं पाय दांडीवरून काढले आणि जमिनीवर टेकवले. आधी एक, मग दुसरा. उभी राहिली. हे कडवं बसून म्हणायचं नव्हतंच कधी.

"तुम्ही घ्या ग घास घास, मी घेते ग सूर सूर,
पोट माझं गाण्यापाशी, भूक राहिली ग दूर."

मधला सेकंदांचा माणूस, पण हे समजायला त्याला पुरतं एक मिनिट लागलं.

"आई," तो म्हणाला, "संपात... तू जेवायचीस कधी?"

"गायचे की."

"आणि ताई, तू?"

"मी आईच्या मागे म्हणायचे," थोरली म्हणाली. "दुसरा आवाज."

मधला खाली बसला. जिथे बसला तिथे कांदे होते. "आणि मी जाड झालो," तो म्हणाला. "त्या वर्षी मी जाड झालो, ताई!"

"त्यासाठीच तर गात होतो, वेड्या. तू सुकला असतास, तर सगळं गाणं फुकट गेलं असतं."

धाकटा भिंतीला टेकून उभा होता. "म्हणजे मी खोटं बोललोच नाही?"

"तू खोटंच बोललास," थोरली म्हणाली. "माहीत नसताना बोललास ना? मग ते खोटंच. ते खरं निघालं, हे तुझं नशीब." आणि तिनं त्याच्या केसांतली गाजराची साल काढून टाकली. दोन वर्षांचा राग असाही काढता येतो.

"मग या निवेदनाचं काय करायचं?" वहिनीनं विचारलं. "आणि बाजू कुठली घ्यायची आता? मला नीट सांगा, मी तशी उभी राहते."

मधल्यानं कागद घेतला. एकदा घडी घातली, मग परत एकदा. जाड, चौकोनी, पक्की. मग उठून त्यानं ती घडी पातेल्याच्या तापलेल्या कडीला लावली आणि मुठीत धरली. "दुसरी बाजू धर रे," तो धाकट्याला म्हणाला. "बारा वाजत आलेत."

फाटक उघडायच्या आधी धाकटा आईजवळ वाकला. "आई, माइकवर सांगू? तुझी गोष्ट?"

"माझी कशाला? लोक सूप प्यायला आलेत. गोष्टीनं वाडगं भरतं का?"

तेव्हा साखरगळ्यानं माइक हातात घेतला, आणि पत्रकारांच्या वह्या सरसावल्या, आणि तो एवढंच म्हणाला, "पुढे करा आपापले हात." आणि माइक ठेवून दिला. मॅनेजरीण म्हणाली, एवढं छोटं भाषण त्यानं उभ्या जन्मात केलं नव्हतं.

रांग आत आली. थोरली वाढत होती, मधला पाव देत होता, प्रत्येक पाव घड्याळाच्या ठोक्यासारखा नेमका. एक म्हातारा वाडगं घेऊन मधल्यासमोर थांबला. "तुम्ही त्या गायकाचे भाऊ ना? लहानपणी फार सोसलंत म्हणे."

मधल्यानं वर बघितलं. "मी नाही हो," तो म्हणाला, "माझ्या आईनं." आणि त्याला दोन पाव दिले.

दोन वाजायच्या सुमाराला रांग विरळ झाली. चारशे वाडगी भरून पातेल्याच्या तळाशी अजून बरंच उरलं होतं. थोरलीच्या हाताचं पातेलं असं कधी कोरडं पडत नसे, त्याची तिनं जन्मभर काळजी घेतली होती. सगळे टेबलाशी बसले. पहिला घास तोंडाशी नेताना धाकट्याचा हात थांबला.

खिडकीपाशी आई गुणगुणत होती. तेच, हळू, स्वतःशी. तिच्यासाठी वाढलेलं वाडगं तिनं हळूच वहिनीच्या हातात परत दिलं होतं.

धाकटा उठला. वाडगं परत आणून त्यानं आईच्या मांडीवर ठेवलं, चमचा तिच्या हातात दिला आणि समोर जमिनीवर बसला.

"अरे, तू जेव," आई म्हणाली. "मी म्हणतेय."

"आज मी म्हणतो."

त्यानं तान घेतली नाही, आवाज पसरला नाही. ताईच्या चालीनं, आईच्या मापानं:

"तू घे ग घास घास, मी घेतो ग सूर सूर..."

आईनं त्याच्याकडे बघितलं. मग चमचा भरला. तो गात राहिला, ती जेवत राहिली. मागून थोरलीनं दुसरा आवाज धरला, तसा मधल्यानं तिच्या हातात पाव कोंबला. "तू गप्प. तू खा," तो म्हणाला, आणि दुसरा आवाज स्वतःच धरला, अगदी बेसूर. वहिनीनं डोळे पुसले, पण केस सांभाळून.

वाडगं रिकामं झालं. आईनं चमचा चाटला, ठेवला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

आणि वाडगं पुढे केलं. "वाढ अजून."

आईनं दुसऱ्यांदा मागितलेलं थोरलीनं जन्मात ऐकलं नव्हतं. पाव तोंडात तसाच धरून ती ओगराळं आणायला पळाली.